रक्त चढवताना रिॲक्शनचा संशय आला तर: तपासाची पद्धत कशी बसवाल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातलं १०० खाटांचं रुग्णालय. प्रसूती, शस्त्रक्रिया, डायलिसिस आणि छोटा आयसीयू. स्वतःचं रक्तकेंद्र नाही; रक्त जिल्ह्याच्या ठिकाणाहून, तासाभराच्या अंतरावरून येतं. एनएबीएचची (रुग्णालयांच्या मानांकनाची) तयारी चालू आहे आणि रक्त चढवताना रिॲक्शनचा संशय आल्यास तपास कसा करायचा, याची लेखी कार्यपद्धती हवी आहे. विचारणाऱ्या डॉक्टरांनी आपला मसुदाही सांगितला आहे: आधी व्याख्या, मग वर्गीकरणाचा तक्ता, मग समितीची रचना, आणि वॉर्डातल्या सिस्टरने काय करायचं ते शेवटच्या भागात.

डॉक्टर, मसुद्यातला मजकूर बरोबर आहे, क्रम मात्र उलटा आहे. रात्री अडीच वाजता पिशवी लावून दहा मिनिटं झाली आणि बाईला हुडहुडी भरली, तर त्या क्षणी तिथे फक्त सिस्टर असते. तिच्याकडे त्या पाळीला वीस-बावीस रुग्ण असतात. तिने पहिल्या पाच मिनिटांत जे केलं किंवा करायचं राहिलं, त्यावर रुग्णाचा जीवही अवलंबून असतो आणि पुढचा सगळा तपासही. म्हणून पद्धत तिच्या हातापासून लिहायला घ्या. समिती आणि वर्गीकरण मागून येतील.

पहिलं वाक्य मी असं लिहीन: रिॲक्शनचा संशय आला तर रक्त थांबवण्याचा पूर्ण अधिकार सिस्टरला आहे, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, आणि थांबवल्याबद्दल तिला कुणी जाब विचारणार नाही. त्याखाली वैद्यकीय अधीक्षकांची सही. हे वाक्य औपचारिक वाटेल, पण बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. सिस्टर आरएमओला (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्याला) फोन करते, ते थिएटरमध्ये असतात, आतून निरोप येतो की एव्हिल (ॲलर्जीचं औषध) आणि एफकॉर्लिन (हायड्रोकॉर्टिसोन) दे, रक्त जरा हळू चालू ठेव, आलोच. तोवर आणखी शंभर मिली गेलेलं असतं. एबीओ गट चुकला असेल तर किती रक्त आत गेलं यावर सगळं ठरतं. काही दहा मिली रक्तानेही जीवघेणी रिॲक्शन येते. थांबवलेलं रक्त नंतर सुरू करता येतं. गेलेलं परत काढता येत नाही.

आता संशय कशाला म्हणायचं? ताप सुरुवातीपेक्षा १ अंश सेल्सियसने वाढून ३८ च्या वर गेला, ही ठरलेली मर्यादा. पण आपल्या वॉर्डातले चार्ट फॅरनहाइटमध्ये भरले जातात, तेव्हा कार्यपद्धतीतही तेच लिहा: साधारण २ अंशांची वाढ आणि ताप १००.४ किंवा त्याहून जास्त. थंडी वाजणं, अंगावर गांधी उठणं, धाप, छातीत किंवा कंबरेत दुखणं, सलाइनच्या जागी आग होणं, बीपी पडणं, लघवी लाल होणं. आणि एक लक्षण जे पुस्तकात असतं पण आपल्या फॉर्मवर नसतं: रुग्ण म्हणतो, ‘मला काहीतरी होतंय, जीव घाबरा होतोय.’ ते फॉर्मवर घाला. गट चुकलेल्या रक्तात कित्येकदा सगळ्यात आधी हेच ऐकू येतं.

भूल दिलेला रुग्ण मात्र काहीच सांगू शकत नाही. तिथे कारण न सापडता घसरणारं बीपी, जखमेतून झिरपत राहणारं रक्त आणि लघवीच्या पिशवीतला बदललेला रंग, एवढ्याच खुणा असतात. थिएटरसाठी वेगळा परिच्छेद लिहा आणि तो भूलतज्ज्ञांकडून वाचून घ्या.

वॉर्डात भिंतीवर लावायचा कागद एका पानाचा, मोठ्या अक्षरात, मराठीत असावा. मी तो असा करतो:

१. क्लॅम्प बंद करा. शिरेतली सुई काढू नका.
२. हाक मारा, डॉक्टरांना बोलवा.
३. रक्ताचा सेट सोडवा, त्याच्या टोकाला निर्जंतुक टोपण लावा. नवा सेट, नवी नॉर्मल सलाइन जोडा.
४. नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन मोजा. लघवीचा रंग पाहा. वेळ लिहा.
५. रुग्णाला पूर्ण नाव विचारा. मनगटावरची पट्टी, पिशवीवरचं लेबल, क्रॉसमॅचचा (रक्त जुळवणीचा) कागद आणि फाइल एकमेकांशी जुळवा. मोठ्याने वाचा, दुसऱ्या व्यक्तीने ऐका.
६. रक्तकेंद्राला फोन करा. (इथे नंबर, रात्रीचाही.)
७. पिशवी सेटसकट जपून ठेवा. आधीच्या रिकाम्या पिशव्याही शोधा.

यातल्या तीन गोष्टींची कारणं सिस्टर्सना समजावून सांगावी लागतात, कारण कारण कळलं नाही की नेमक्या त्याच गाळल्या जातात. सुई काढायची नाही, कारण पुढच्या दहा मिनिटांत बीपी पडलं तर शीर सापडणार नाही. नवा सेट, कारण जुन्या नळीत अजून बरंच रक्त आहे. त्याच नळीतून सलाइन सोडली की तेच रक्त आत ढकललं जातं. आणि सातवा मुद्दा, कारण रिकामी पिशवी नियमाने पिवळ्या पिशवीत जाते आणि सकाळी कचऱ्याची गाडी ती घेऊन जाते. सगळ्यात मोठा पुरावा गाडीबरोबर गेला की मग नुसते अंदाज उरतात. प्रत्येक रिकामी पिशवी किमान २४ तास वॉर्डच्या किंवा लॅबच्या फ्रिजमध्ये, नाव-तारखेसह, वेगळ्या डब्यात ठेवायची, हा नियम रिॲक्शन येवो न येवो सगळ्यांसाठी करा.

पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यावर मी जास्त बोलणार आहे, कारण तपासाचा खरा जीव तिथे आहे.

समजा एकाच वॉर्डात एकाच आडनावाच्या दोन बाळंतिणी आहेत. दोघींचे नमुने एकाच वेळी घेतले, बल्बवर (नमुन्याच्या नळीवर) नावं मागाहून टेबलावर बसून घातली, तीही उलटी. पहिलीला रिॲक्शन आली. नावं जुळतात, पण पिशवीतला गट दुसरीचा. आता सगळे पहिलीभोवती जमतात, तिला वाचवायची धडपड सुरू होते, आणि दुसरीच्या खाटेशी पहिलीच्या गटाची पिशवी चालू असते. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. गटांची अदलाबदल झाली की बहुधा ती दोन रुग्णांत होते, म्हणून चूक सापडल्याबरोबर पहिला प्रश्न हाच: दुसरा कोण? त्या वॉर्डात, त्या तासात कुणाकुणाचे नमुने गेले, कुणाला रक्त लागलं आहे, कुणाची पिशवी फ्रिजमध्ये आहे, हे सगळं तिथल्या तिथे थांबवायचं. रक्तकेंद्राला फोन त्यासाठी असतो. तपास सकाळी करू, आधी पेशंट बघू, असं म्हणणारे चांगले डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच पेशंट असतो.

फोनचं दुसरं कारण तितकंच मोठं. एका रक्तदात्याच्या एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे तीन घटक निघतात. पिशवीत जंतू असतील किंवा दात्याच्या प्लाझ्मामध्ये फुप्फुसाला इजा करणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) असतील, तर बाकीचे दोन घटक या क्षणी कुठल्या तरी दुसऱ्या रुग्णालयात, दुसऱ्या खाटेवर लावले जात असतील. ते अडवणं फक्त रक्तकेंद्राच्या हातात आहे, तेही कळलं तर. त्यामुळे तुमच्या पुरवठादार केंद्राशी लेखी करार करा: रात्रीचा तंत्रज्ञ फोन घेईल, नोंद करेल, उरलेले घटक बाजूला काढेल आणि त्यांच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उठवेल. नंबर प्रत्यक्ष रात्री लावून बघा.

आता नमुने. रिॲक्शननंतर दुसऱ्या हातातून, सावकाश, सरळ शिरेतून रक्त घ्या. घाईत बारीक सुईने ओढलेल्या रक्तात पेशी सिरिंजमध्येच फुटतात आणि लॅबला खोटी लाली दिसते. दोन ईडीटीए बल्ब (यात रक्त गोठत नाही), एक प्लेन बल्ब, आणि त्यानंतरची पहिली लघवी. ताप आला असेल आणि त्यातही बीपी पडलं असेल किंवा ताप भराभर चढला असेल, तर ब्लड कल्चर. बल्बवर नाव खाटेपाशीच, रुग्णासमोर घालायचं. पिशवी पाठवताना सेट जोडलेला, क्लॅम्प बंद, टोकाला टोपण, सुई नाही. सोबत फॉर्म: रक्त केव्हा सुरू केलं, केव्हा थांबवलं, साधारण किती गेलं, आधीची आणि नंतरची मोजमापं, कोणती औषधं चालू होती, आधी कधी रक्त घेतलं होतं का, बाईला किती बाळंतपणं झाली. शेवटचे दोन प्रश्न लोक गाळतात. लाल पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं बहुतेक वेळा आधीच्या रक्तातून किंवा गरोदरपणातून आलेली असतात, म्हणून ते विचारायचे.

तुमची अडचण अशी की रक्तकेंद्र तासाभराच्या अंतरावर आहे. ‘नमुना पाठवला आहे, रिपोर्ट आला की बघू’ असं म्हणत दोन-तीन तास घालवण्याची गरज नाही. तुमच्या स्वतःच्या लॅबमध्ये अर्ध्या तासाच्या आत तीन गोष्टी होऊ शकतात आणि माझ्या मते तुमच्या कार्यपद्धतीचा हा सगळ्यात मोलाचा भाग असेल.

एक, कागद तपासणं. रिक्विझिशन, क्रॉसमॅचचा कागद, पिशवीचं लेबल, रुग्णाची पट्टी, हे सगळं लॅबच्या माणसाने पुन्हा एकदा, ताज्या डोळ्यांनी पाहायचं. जीवघेण्या चुकांपैकी पुष्कळशा इथेच सापडतात, त्यासाठी एकही रसायन लागत नाही.

दोन, प्लाझ्माचा रंग. नव्या नमुन्यातला एक ईडीटीए बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. शेजारी रक्त लावण्याआधीचा नमुना ठेवा. तो रक्तकेंद्राकडे असतो हे खरं, पण त्याच दिवशी सकाळी सीबीसीसाठी (रक्तपेशींच्या मोजणीसाठी) आलेला बल्ब बहुधा तुमच्याच लॅबमध्ये पडून असतो. तोही फिरवा. दोन्ही बल्ब शेजारी शेजारी पांढऱ्या कागदासमोर धरा. सकाळचा फिकट पिवळा आणि आत्ताचा गुलाबी किंवा लाल दिसला, तर शिरांमध्ये पेशी फुटत आहेत असं धरून चालायचं आणि लगेच उपचाराची दिशा बदलायची. दोन्ही सारखेच पिवळे असतील तर मोठा धोका बराच मागे पडला. नवा नमुना लाल आणि घेताना त्रास झाला होता अशी नोंद असेल, तर दुसरा नमुना नीट घेऊन पुन्हा बघा.

तीन, नव्या नमुन्याचा एबीओ गट पुन्हा करा, ट्यूबमध्ये, आणि सकाळच्या सीबीसीच्या बल्बचाही करा. सीबीसीचा बल्ब वेगळ्या वेळी, बहुधा वेगळ्या हाताने घेतलेला असतो, म्हणून तो स्वतंत्र साक्षीदार ठरतो. तो आणि नवा नमुना एका गटाचे निघाले आणि क्रॉसमॅचच्या कागदावर तिसराच गट असेल, तर क्रॉसमॅचला गेलेला नमुना दुसऱ्याच कुणाचा होता. असं झालं की वर सांगितलेला ‘दुसरा कोण’ हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एवढ्यासाठी सीबीसीचे बल्ब निदान दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवायची सवय लॅबला लावा.

लघवीचंही तसंच. सिझेरियननंतर कॅथेटरमध्ये लाल लघवी दिसली तर ते जखमेचं रक्त आहे की फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन? लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. वरचं पाणी स्वच्छ झालं आणि तळाला लाल पेशी बसल्या, तर रक्तस्राव. वरचं पाणी लाल किंवा कोऱ्या चहाच्या रंगाचंच राहिलं, तर हिमोग्लोबिन असण्याची शक्यता धरा.

रक्तकेंद्राकडे मग डायरेक्ट कूम्ब्स (लाल पेशींना चिकटलेली प्रतिद्रव्यं शोधणारी चाचणी) होते, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही नमुन्यांवर. इथे एक फसगत ध्यानात ठेवा: कूम्ब्स निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं नाही. गट चुकलेल्या सगळ्या पेशी नमुना घेईपर्यंत फुटून गेल्या असतील तर कूम्ब्सला पकडायला काही उरतच नाही. म्हणून प्लाझ्माचा रंग आणि कूम्ब्स नेहमी जोडीने वाचायचे. उलट, रिॲक्शननंतरची कूम्ब्स पॉझिटिव्ह आली पण आधीचीही तशीच होती, तर ती जुनी गोष्ट असू शकते.

कागद, रंग, कूम्ब्स आणि गट, या चारांत काही खटकलं तरच दुसरा टप्पा: पिशवीच्या नळीच्या तुकड्याचा गट, दोन्ही नमुन्यांशी अँटिह्यूमन ग्लोब्युलिनसह पुन्हा क्रॉसमॅच, प्रतिद्रव्यांची चाळणी, एलडीएच, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या. बिलिरुबिन लगेच वाढत नाही. पाच ते सात तासांनी पुन्हा नमुना घ्यावा लागतो, ते फॉर्मवर वेळेसकट छापून ठेवा. सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या पहिल्याच क्षणी करायला लावणारी कार्यपद्धती मी मंजूर करत नाही. साध्या तापाच्या रुग्णाला बारा बल्ब द्यावे लागले की पुढच्या वेळी रिॲक्शन कळवलीच जात नाही.

रक्त लावण्याआधीचा नमुना रक्तकेंद्राने रक्त चढवल्यानंतर ७ दिवस जपायचा असतो. तो नमुना मागायचा असेल तर त्या मुदतीत मागा. प्रतिद्रव्य सापडलं पण ओळखता आलं नाही, किंवा गटाचं कोडं सुटेना, तर आपल्याकडे मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, आयसीएमआरची राष्ट्रीय रोगप्रतिकार-रक्तशास्त्र संस्था आहे. तिथे रक्तकेंद्रामार्फत विचारणा करता येते. याच परळच्या परिसरातून १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे मांडला, आणि तो महाराष्ट्रातल्या कुठल्याही लॅबने विसरू नये. बॉम्बे गटाचा माणूस नुसत्या अँटि-ए, अँटि-बी रसायनांवर ‘ओ’ दिसतो. त्याला ‘ओ’ रक्त लावलं तर मात्र तीव्र रिॲक्शन येते, कारण त्याच्या प्लाझ्मात अँटि-एच, म्हणजे ‘ओ’ पेशींवरही हल्ला करणारं प्रतिद्रव्य असतं. रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये (रुग्णाचा प्लाझ्मा माहीत असलेल्या गटाच्या पेशींशी तपासताना) ‘ओ’ पेशींची नळी लावली किंवा क्रॉसमॅच नीट झालं तर तो निसटत नाही. घाईत क्रॉसमॅचशिवाय ‘ओ’ दिलं आणि रिॲक्शन आली, तर हा विचार मनात आलाच पाहिजे.

कधी कधी पेशी फुटल्याचं स्पष्ट दिसतं, पण गट बरोबर, कूम्ब्स निगेटिव्ह, प्रतिद्रव्य नाही. तेव्हा पिशवीच्या प्रवासाची चौकशी करा. आपल्याकडे अनेक ठिकाणी नातेवाईक मोटारसायकलवरून पिशवी आणतात, बर्फाला चिकटून, साध्या कॅरीबॅगमध्ये. बर्फाला चिकटलेलं रक्त गोठतं, गोठलेल्या पेशी वितळताना फुटतात. वॉर्डात आल्यावर ‘थंड रक्त लावू नये’ म्हणून कुणी पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवतं. कुणी वॉर्डच्या साध्या फ्रिजमध्ये, फ्रीझरच्या खाली ठेवतं. कुणी त्याच नळीतून ५ टक्के डेक्स्ट्रोज सोडतं. त्यात पेशी फुगून फुटतात. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं, त्याने पिशवीतलं रक्त गोठू शकतं. रक्तासोबत फक्त नॉर्मल सलाइन, रक्त मिळाल्यापासून अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपलं पाहिजे, आणि गरम करायचं असेल तर त्यासाठीचं यंत्रच वापरायचं. हे नियम तपासाच्या कार्यपद्धतीत नाही, रक्त चढवण्याच्या कार्यपद्धतीत येतात, पण तपासाच्या फॉर्मवर प्रत्येकासाठी एक चौकट असू द्या. ‘पिशवी कशी आणली, कशी गरम केली, सोबत काय चालू होतं’ असं विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही.

धाप लागलेल्या रुग्णाबद्दल थोडं वेगळं. आपल्याकडे चार हिमोग्लोबिनची, कित्येक महिने हळूहळू रक्त कमी होत गेलेली बाई येते, आणि रात्रीतून दोन पिशव्या लावल्या जातात. तिचं हृदय आधीच ताणावर चालत असतं. भार वाढला की फुप्फुसात पाणी. याला टॅको म्हणतात, रक्त संपल्यानंतर १२ तासांपर्यंत येऊ शकतो. बीपी वाढलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या, बसवून लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) दिलं की उतार पडतो. ट्राली हा दुसरा प्रकार: दात्याच्या प्लाझ्मातली प्रतिद्रव्यं फुप्फुसांना इजा करतात, ६ तासांच्या आत, बीपी बहुधा पडतं, ताप असू शकतो, लॅसिक्सने उपयोग होत नाही. दोन्हींत छातीचा एक्स-रे सारखाच दिसतो, त्यामुळे द्रवाचा हिशोब, आधीचं बीपी आणि जमल्यास बीएनपीची (हृदयावरचा ताण दाखवणारी) चाचणी लागते. रक्त लावण्याआधीच्या तुलनेत एनटी-प्रोबीएनपी दीडपटीहून वाढलं तर पारडं टॅकोकडे झुकतं. ट्रालीचा संशय असेल तर दात्याचे इतर घटक अडवायचे असतात, तेव्हा फोन विसरू नका.

जंतूंची रिॲक्शन प्लेटलेटमध्ये जास्त, कारण त्या २० ते २४ अंशांवर साठवतात. पण फ्रिजमधल्या लाल पेशींतही थंडीत वाढणारे जंतू असतात. पिशवी सेटसकट हातात घ्या आणि पाहा: पिशवीतला रंग नळीच्या तुकड्यांपेक्षा काळपट-जांभळा, गुठळ्या किंवा बुडबुडे असतील तर कल्चरच्या रिपोर्टची वाट पाहू नका, रुग्णाचं ब्लड कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू करा. पिशवीचं कल्चर रक्तकेंद्राकडून किंवा तुमच्या मायक्रोबायोलॉजीकडून, पण पिशवी निर्जंतुक राहिली असेल तरच त्याला अर्थ. टोक उघडं ठेवून दिवसभर टेबलावर पडलेल्या पिशवीच्या कल्चरमध्ये टेबलावरचे जंतू सापडतात.

रक्त पुन्हा केव्हा सुरू करायचं, हे स्पष्ट लिहा. फक्त अंगावर थोड्या गांधी उठल्या, ताप नाही, धाप नाही, बीपी ठीक, तर अँटिहिस्टॅमिन देऊन, गांधी बसल्यावर, डॉक्टरांच्या लेखी आदेशाने तीच पिशवी हळू सुरू करता येते, चार तासांच्या मुदतीत. बाकी कुठल्याही लक्षणात तीच पिशवी परत लावायची नाही. रक्ताची तातडी असेल तर रक्तकेंद्राच्या डॉक्टरांशी बोलून. गटाचा गोंधळ सुटेपर्यंत ‘ओ’ लाल पेशी आणि ‘एबी’ प्लाझ्मा हा मार्ग असतो, बॉम्बे गटाची शक्यता मनात ठेवून. ॲनाफायलॅक्सिस असेल तर पहिलं औषध ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत, मोठ्यांना ०.५ मिलिग्रॅम. एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन त्यानंतर. हा क्रम अजूनही बऱ्याच वॉर्डांत उलटा आहे.

इथेच एक सवय मोडायला सांगतो. प्रत्येक पिशवीआधी एव्हिल-एफकॉर्लिन आणि पॅरासिटामॉल द्यायची पद्धत आपल्याकडे खोल रुजली आहे. आधी कधी रिॲक्शन न आलेल्या रुग्णाला त्याचा सिद्ध झालेला फायदा नाही. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो, एव्हिलने रुग्णाला झोप येते आणि ‘काहीतरी होतंय’ हे सांगणारं तोंड बंद होतं. तपासाची पद्धत बसवायची आणि पहिली खूणच औषधाने पुसायची, हे एकत्र चालणार नाही. ज्याला आधी ॲलर्जीची रिॲक्शन आली आहे त्याला जरूर द्या, कारण लिहून द्या.

आता समितीकडे येऊ. तीन महिन्यांतून एकदा, रक्त मागवणाऱ्या विभागांचे डॉक्टर, लॅब, मेट्रन आणि पुरवठादार रक्तकेंद्राचा एक माणूस. प्रत्येक रिॲक्शनसाठी तीन गोष्टी ठरवायच्या: प्रकार कोणता, किती गंभीर, आणि रक्ताशी तिचा संबंध निश्चित, बहुधा, शक्य, की नाहीच. मलेरियाचा रुग्ण रक्त चालू असताना तापला तर तो ताप रक्ताचाच असेल असं नाही. पण संबंध नसल्याचा निर्णय समितीने घ्यायचा, सिस्टरने खाटेपाशी नाही. तिने फक्त थांबवायचं आणि कळवायचं.

वर्षभरात हजार पिशव्या लावल्या आणि रजिस्टरमध्ये एकही रिॲक्शन नाही, असं दिसलं तर समाधान मानू नका. आपल्याकडे सगळ्या लाल पेशींतून पांढऱ्या पेशी गाळल्या जात नाहीत, तेव्हा त्यांच्यामुळे ताप-थंडीच्या काही रिॲक्शन्स येणारच. त्या नोंदलेल्या नसतील तर वॉर्डात लोक घाबरत आहेत. घाबरायला कारणंही असतात: नातेवाईक काय म्हणतील, सकाळी राउंडला कोण काय बोलेल. चुकीचं नाव घालणाऱ्या सिस्टरवर कारवाई झाली की पुढचं वर्षभर सगळं ‘सुरळीत’ दिसतं आणि बल्ब मात्र तसेच टेबलावर बसून लिहिले जातात. चूक कुठल्या वेळी, किती कामात, कुठल्या पायरीवर झाली हे विचारा. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या दोन नमुन्यांचा गट जुळल्याशिवाय रक्त नाही, हा नियम अशाच विचारण्यातून येतो. नातेवाइकांना त्याच दिवशी, वरिष्ठ डॉक्टरांनी बसवून खरं सांगावं. कागदावर नंतर खाडाखोड मुळीच नको.

देशपातळीवर १० डिसेंबर २०१२ पासून भारतीय हिमोव्हिजिलन्स (रक्त चढवण्यातल्या रिॲक्शन्सवर लक्ष ठेवण्याचा) कार्यक्रम चालू आहे. नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था तो चालवते. तुमचं पुरवठादार केंद्र त्यात नोंदलेलं आहे का ते विचारा आणि तुमच्या फॉर्ममधले रकाने त्यांच्या रिॲक्शन-फॉर्मशी जुळते ठेवा, म्हणजे एकदाच भरावं लागेल.

उशिरा येणाऱ्या रिॲक्शनची दखल तुमच्या मसुद्यात नाही. रक्त घेतल्यावर पाच-सात दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी, रुग्णाचे डोळे पिवळे होतात, हिमोग्लोबिन पुन्हा खाली येतं, थोडा ताप. तोवर तो घरी गेलेला असतो, गावातल्या डॉक्टरांकडे काविळीचं औषध घेत असतो. थॅलेसेमियाची मुलं आणि विदर्भ-नंदुरबारच्या पट्ट्यातले सिकलसेलचे रुग्ण यांना वारंवार रक्त लागतं, त्यांच्यात हे जास्त. सिकलसेलमध्ये तर याचं दुखणं सिकलच्या कळेसारखंच भासतं, आणि हिमोग्लोबिन उतरलं म्हणून आणखी रक्त दिलं की कधी कधी ते आणखीच उतरतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर चार ओळी छापा: रक्त केव्हा, किती, कुठल्या केंद्राचं, महिनाभरात कावीळ, लाल लघवी, धाप किंवा अशक्तपणा वाटला तर या नंबरवर कळवा. प्रतिद्रव्य सापडलं असेल तर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहून, ‘पुढे रक्त घेताना हे कार्ड दाखवा’ असं सांगा, कारण काही महिन्यांनी ते प्रतिद्रव्य चाचणीत दिसेनासं होतं आणि कार्डच तेवढं आठवण ठेवतं.

कागद तयार झाला की रात्रपाळीत तालीम घ्या. मुदत संपलेली पाण्याची पिशवी लावा, सिस्टरला सांगा की रुग्ण थंडीने कापतोय, आणि घड्याळ पाहा. क्लॅम्प बंद व्हायला किती वेळ, नवा सेट कुठल्या कपाटात आहे आणि त्याची चावी कुणाकडे, फोन कुणी उचलला, लॅबमध्ये रात्री सेंट्रिफ्यूज कोण चालवतं. तालमीत जे अडेल ते मसुद्यात दुरुस्त करा आणि महिनाभराने दुसऱ्या वॉर्डात पुन्हा घ्या, प्रसूती वॉर्डापासून सुरुवात करून.